हेम्प रॅप : ब्लंट वळायला शिकणाऱ्यांसाठी रिव्ह्यू (टोरांटो)

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, आमच्या ऑन्टॅरिओत वय 19 पाहिजे, त्यामुळे लायसन्सवाल्या दुकानात आरामात विचारून घेता येतं. मी हेम्प रॅपचं, म्हणजे गांजा गुंडाळायच्या हेम्पच्या (गांजाच्याच जातीतल्या, नशा न आणणाऱ्या झाडाच्या) पानांचं पाकीट घेतलं आणि नवीन माणसाने यानेच सुरुवात करावी असं माझं पक्कं मत झालंय. मूळ ब्लंट, म्हणजे गांजा भरलेली जाड सिगार, तंबाखूच्या पानात वळतात म्हणजे निकोटिन आलंच, हेम्पमध्ये ते नसतं, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा पॉइंट. धूर तो धूरच म्हणा, फुप्फुसाला तो काही चांगला नाही.

कागदापेक्षा जाड, त्यामुळे बोटांत पटकन फाटत नाही आणि नाही जमलं तर उघडून परत वळता येतं. माल ग्राइंडरमध्ये मध्यमच करा, पार पावडर केली की ओढच लागत नाही. फिल्टरच्या बाजूने कड आत दाबत जायचं, मग पुढे पुढे सरकायचं, शेवटी कड ओली करून चिकटवायची आणि लायटर लांबूनच फिरवून शिवण सुकवायची, बास.

पाकिटाची झिप मात्र अगदीच टुकार, उघडल्यावर रॅप लवकर कडक होतात आणि कडेला तडे जातात, सरळ हवाबंद डब्यात टाका.

अजून एक, ब्लंटमध्ये जॉइंटपेक्षा (कागदात वळलेल्या गांजाच्या सिगरेटपेक्षा) बराच जास्त माल बसतो, म्हणून रॅप उभा अर्धा कापून बारीकच वळा, दोन झुरके घेऊन थांबा. आणि भारतात जाताना बॅगेत चुकूनही ठेवू नका, कॅनडाबाहेर नेणं इथे गुन्हा आहे आणि तिकडे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे.