मेंढीच्या कातड्याच्या सपाता : मेलबर्नच्या दोन हिवाळ्यांनंतर

साताऱ्याच्या आमच्या घरात शहाबादी फरशी होती. तिथे घरात पायात काही घालायची कधी गरजच पडली नाही. मेलबर्नला आल्यावर मात्र फरशी नको नको झाली. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, पहाटे बाहेर सहा-सात अंश असतात. आकडा ऐकून कुणाला विशेष वाटत नाही, पण आमच्यासारख्या भाड्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना एकेरी काच असते आणि दारांच्या फटींतून वारा येतो. पाच वाजता चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलं की भिंतीवरचा तापमापक १३ दाखवतो आणि टाइल्स त्याहून गार लागतात.

मी वृद्धांच्या निवासी केंद्रात नर्स आहे. आठ तास पायांवर काढून घरी आलं की टाच ठणकायची. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाकणं नको व्हायचं. डॉक्टरांनी प्लांटार फॅसिआयटिस, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्ट्याचं टाचेपाशी होणारं दुखणं सांगितलं, व्यायाम दिले आणि घरात कडक फरशीवर अनवाणी चालू नका असं बजावलं. तेव्हापासून मी सपाता शोधायला लागले.

पहिली जोडी २५ डॉलरची. दुकानात बोट घातलं तर सशासारखी मऊ. दोन महिन्यांत आतली लव चेपून तिच्या गुठळ्या झाल्या, पाय घामेजायला लागले आणि ओल्या पायांना आणखी गार वाटायला लागलं. पुन्हा लेबल नीट वाचलं : आतून पॉलिएस्टर. मऊपणावर भुलले ही माझी चूक. दुकानात हाताला सगळ्यात मऊ लागते ती जोडी बहुतेकदा नकलीच असते, हे आता मी कुणालाही खात्रीने सांगेन.

अस्सल ओळखायची रीत सोपी आहे. आतली लोकर दोन बोटांनी फाकवा आणि मुळाशी बघा. कातडं दिसलं तर मेंढीचं कातडं. जाळी किंवा विणलेलं कापड दिसलं तर लव कापडावर चढवलेली आहे, मग ती खऱ्या लोकरीची असली तरी. अशी लव घासून निघते आणि खालची जाळी उघडी पडते. लेबलावर ‘लोकरीचं अस्तर’ एवढंच लिहिलेलं असेल तर बोटं फाकवल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘अग’ या नावावरही जाऊ नका. बाहेरच्या बहुतेक देशांत तो एका अमेरिकी कंपनीचा ब्रँड आहे, पण ऑस्ट्रेलियात अग बूट म्हणजे मेंढीच्या कातड्याचे बूट, कुणीही शिवलेले. उत्तम कातड्यात एकाच चामड्याची आतली बाजू लोकर असते आणि बाहेरची स्वेड, म्हणजे मखमलीसारखं घासलेलं चामडं. वेगळं अस्तर चिकटवलेलंच नसतं, त्यामुळे ते सुटायचा प्रश्नही येत नाही.

लोकर एवढी उपयोगाची का, हे मला कामावर कळलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या टाचांखाली आम्ही मेंढीचं कातडं ठेवतो. टाचेवर मांस कमी, हाड लगेच लागतं, त्यामुळे दाबाने जखम व्हायची भीती तिथे फार. सीएसआयआरओ या इथल्या सरकारी संशोधन संस्थेने त्यासाठी गरम पाण्यात धुता येईल असं खास वैद्यकीय कातडं विकसित केलं. दाट लोकर टाचेचा भार पसरवते आणि घर्षण कमी करते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा वाफेच्या रूपात शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. तंतू कुरळे असल्याने मध्ये हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. हे सगळं रोज डोळ्यांसमोर असून माझ्या स्वतःच्या टाचेसाठी ते सुचायला वर्ष गेलं.

दुसरी जोडी शहराबाहेरच्या एका लहान कारखान्याच्या दुकानातून, ९५ डॉलरला, गेल्या वर्षी मे महिन्यात. टाच बंद असलेली, आतून लोकर आणि बाहेरून स्वेड अशा एकाच कातड्याची, तळ रबराचा आणि शिवलेला. सुकतळा, म्हणजे इनसोलही कातड्याचाच आणि बाहेर काढता येणारा. या शेवटच्या गोष्टीकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नव्हतं. आज विचाराल तर तीच सगळ्यात आधी बघायची.

मापाचं सांगते. काउंटरवरच्या बाईंनी मला नेहमीपेक्षा घट्ट जोडी दिली, तीही मोजे न घालता. पहिला आठवडा करंगळी दाबली जात होती आणि परत द्याव्यात असं दोनदा मनात आलं. तिसऱ्या आठवड्यात लोकर पायाच्या आकारात बसली. तेव्हा सैल घेतल्या असत्या तर आता पाय आत घसरला असता. आणि अनवाणी पायानेच घाला. मोजे मध्ये आले की ओलावा लोकरीपर्यंत पोचतच नाही आणि वासाची तक्रार सुरू होते. माझ्या सपातांना चौदा महिन्यांत वास आलेला नाही. रात्री काढल्यावर त्या पलंगाखाली न सारता उघड्यावर ठेवते, एवढंच करते.

चौथ्या महिन्यात टाचेखालची आणि चवड्याखालची लोकर चेपून नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या कापडासारखी घट्ट झाली. बाकी सगळीकडे दाट, फक्त तिथे सपाट. मांजराचे केस विंचरायचा तारेचा ब्रश मिळतो, त्याने पंधरवड्यातून एकदा हलक्या हाताने उलट दिशेने विंचरायला लागले. थोडी उभारी येते, पण पहिल्यासारखी नाही. या मे महिन्यात त्याच दुकानातून नवा सुकतळा आणला, २० डॉलरला. बसवला आणि टाचेला थेट पहिला आठवडा आठवला. सुकतळा चिकटवलेला असता तर अशी उत्तम जोडी वर्षभरातच संपली असती, कारण वरचं कातडं अजून नव्यासारखं आहे. एक दोष मात्र नोंदवते : उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी शिवण दोन सेंटिमीटर उसवली. मेणाच्या दोऱ्याने घरीच टाके घातले, ते टिकले आहेत.

तळाबद्दल ठाम मत आहे. स्वेडचा तळ असलेल्या सपाता दिसायला देखण्या, पण टाइल्सवर घसरतात आणि पाणी सांडलं की भिजतात. फोमचा तळ हलका असतो, पण टाचेखाली लवकर बसतो. रबर जड आहे, पण मी ओट्यापाशी पाणी सांडलेल्या फरशीवरही निर्धास्त उभी राहते. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला अंगणातही त्यांतच जाते. भर पावसात मात्र नाही.

वरणाचा मोठा थेंब डाव्या सपातेवर पडला, त्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेलकट भागावर लगेच कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवलं, तेल बरंच ओढलं गेलं. हळदीचा पिवळा ठसा मात्र गेला नाही आणि जाणारही नाही. फोडणी करणाऱ्यांनी फिका रंग घेऊ नये. धुवायच्या असतील तर मशीन नको, गरम पाणी नको. गार पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, हाताने, आणि मग आत कागद भरून सावलीत. हीटरसमोर ठेवल्या तर कातडं आकसून कडक होतं. मैत्रिणीची जोडी तशी एका संध्याकाळीच गेली.

उन्हाळ्यात कसर लागते. डिसेंबरात मी सपाता विंचरून, घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवल्या. मग त्याच पिशवीत कपाटात. एप्रिलमध्ये काढल्या तेव्हा एकही भोक नव्हतं.

ऑगस्टमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांच्या टाचांना भेगा आणि चालताना तोल जरा डावीकडे. मी आधी त्यांना मागून उघड्या सपाता दिल्या, पाय सहज सरकावता येतील म्हणून. दुसऱ्याच दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांचा पाय अडखळला. मला खरंच लाज वाटली. कामावर मी रोज नातेवाइकांना सांगते की म्हाताऱ्या माणसांना मागून उघडी पादत्राणं देऊ नका, पाय फरफटतो आणि पडण्याची भीती वाढते. त्याच आठवड्यात त्यांनाही बंद टाचेची जोडी आणली. त्यांनी लोकरीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘आपल्या घोंगडीसारखी टोचत नाही गं ही.’’ खरं आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, आणि मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू बारीक, साधारण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. चामड्याच्या म्हणून सासूबाई देवघराच्या कोपऱ्यात जायच्या आधी त्या सपाता काढून ठेवायच्या. मीही आता तसंच करते.

सगळ्यांना या चालतील असं नाही. माझ्या शाकाहारी शेजारणीला कातडं नको होतं, तिने नमद्याच्या, निव्वळ दाबलेल्या लोकरीच्या घेतल्या आणि ती समाधानी आहे. पुण्याच्या बहिणीने मागवू का विचारलं, तिला मी नको म्हटलं. दोन महिन्यांच्या थंडीसाठी तिला नमदा पुरेल, आणि पावसाळ्यात कपाटातल्या कातड्याला बुरशी धरायची.

टाच अजून पूर्ण बरी नाही. व्यायाम रोज करते. पण सकाळची ती पहिली चार पावलं आता मी भिंतीला हात न लावता टाकते. सासूबाईंच्या सपाता त्यांनी जाताना इथेच ठेवल्या. पुढच्या जूनमध्ये त्या परत येणार आहेत, म्हणून माझ्याबरोबर त्यांचाही सुकतळा आणून ठेवला आहे.