व्हायरस काढून देतो म्हणणाऱ्यानेच माझ्या संगणकात ठाण मांडले

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या दोन अडत दुकानांचे हिशेब मी विश्रामबागेतील घरी बसून गेली अनेक वर्षे लिहीत आलो आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटीचे पोर्टल, बँकांचे खातेउतारे हे माझे रोजचे काम आहे. हे आधीच सांगण्याचे कारण असे, की अशी हकीकत वाचताना आपण मनातल्या मनात म्हणतो, बिचाऱ्याला संगणकातले काही कळत नसावे. मला कळत होते. तरीही 19 नोव्हेंबर 2025 च्या संध्याकाळी माझ्या खात्यातून 53,499 रुपये गेले, आणि चोराला घरात मीच बोलावून घेतले होते.

सुरुवात त्याच्या चार दिवस आधी झाली. एका बँकेचा उतारा पीडीएफमध्ये आला होता आणि तो एक्सेलमध्ये हवा होता, म्हणून मी गूगलवर फुकट कन्व्हर्टर शोधला आणि सर्वांत वर आलेल्या, खरे म्हणजे जाहिरात असलेल्या, दुव्यावर गेलो. त्या पानावर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन बटणे होती. त्यांतले सर्वांत मोठे, हिरवे बटण मी दाबले. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलो. मध्ये कुठेतरी एक बरोबरची खूण आधीच केलेली होती आणि तिच्यासोबत ब्राउझरमध्ये एक ‘शोध-साहाय्यक’ येऊन बसला. पुढे एका पानाने ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितले आणि मी तेही दाबले. त्या एका अलाऊने त्या संकेतस्थळाला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात हव्या तेव्हा सूचना झळकवण्याची परवानगी मिळाली होती, हे मला फार नंतर समजले. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझरचे पहिले पान बदलले आणि उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस’ अशा चौकटी येऊ लागल्या. काम अंगावर होते, म्हणून मी त्या बंद करत राहिलो.

एकोणीस तारखेला संध्याकाळी मी जीएसटीच्या 3बी या मासिक विवरणपत्राची जुळणी करत होतो. दुसऱ्या दिवशी वीस तारीख, म्हणजे शेवटची मुदत. अशीच एक चौकट बंद करायला गेलो आणि संपूर्ण पडदा निळा-लाल झाला. भोंगा वाजू लागला, एक स्त्री इंग्रजीत बजावू लागली की संगणक बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, आणि मधोमध ठळक अक्षरांत एक दूरध्वनी क्रमांक. माउस हलवला तरी काही बंद होईना. स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, आधी बटण बंद करा ना.” मी तिच्यावर खेकसलो, “उद्या रिटर्न आहे, सगळा डेटा जाईल!” त्या संध्याकाळी त्या खोलीत बोलले गेलेले एकमेव शहाणपणाचे वाक्य तिचे होते.

प्रत्यक्षात ते केवळ पूर्ण पडदाभर पसरलेले एक वेबपान होते. एस्केप कळ काही वेळ दाबून धरली असती, एफ11 किंवा ऑल्ट आणि एफ4 दाबले असते, तेही न चालल्यास कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला असता, आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणण्यास नकार दिला असता, तर प्रकरण तिथेच मिटले असते. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन करण्यासाठी क्रमांक कधीच दिलेला नसतो. मी मात्र फोन केला.

पलीकडचा माणूस हिंदीत, अत्यंत अदबीने बोलत होता. आपण विंडोज तयार करणाऱ्या कंपनीच्या सेवा विभागातून बोलत असल्याचे त्याने सांगितले आणि पहिलेच वाक्य खरे टाकले, की विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. ही बातमी मी वाचलेली होती, त्यामुळे पुढचे सर्व खोटे मला सहज पचले. त्याच्या सांगण्यावरून मी एक सॉफ्टवेअर उतरवले आणि पडद्यावर आलेला क्रमांक त्याला वाचून दाखवला. दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याच्या सॉफ्टवेअरांत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही परिचित नावे आहेत. ती सॉफ्टवेअरे स्वतः खोटी नाहीत, कार्यालयांत रोज वापरली जातात. परंतु तो क्रमांक देऊन विनंती मान्य करणे म्हणजे आपल्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवणे होय.

मग त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडली. लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण यांची न संपणारी यादी खाली सरकवत तो म्हणाला, “देखिए सर, चौदह सौ एरर.” नंतर काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली आणि ‘फॉरेन ॲड्रेस’ या शीर्षकावर बाण फिरवत सांगितले, की परदेशातून लोक तुमच्या संगणकात शिरले आहेत. माझ्या हाताला घाम आला होता. आता कळते, की प्रत्येक निरोगी विंडोज संगणकात अशा नोंदी शेकड्यांनी असतात आणि ‘फॉरेन’ म्हणजे तिथे फक्त जोडणीचे पलीकडचे टोक, मग ते तुमचे ईमेल असो वा घरातला प्रिंटर. माझ्या भाच्याने महिन्यापूर्वी घेतलेला कोरा लॅपटॉप उघडून हीच यादी मला दाखवली, तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना.

तीन वर्षांच्या ‘सुरक्षा परवान्या’साठी 4,999 रुपये मी नेट बँकिंगने भरले. पासवर्ड मी टंकला आणि त्याच वेळी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्याच्या हाताशी आले होते. त्यानंतर पडदा काळा झाला. स्कॅन सुरू आहे, कशालाही हात लावू नका, असे सांगण्यात आले. फोनवर दोन संदेश आले. एक नोंदणी क्रमांक आणि दुसरा खात्रीचा क्रमांक, असे म्हणून त्याने ते मागितले. चष्मा कपाळावर होता, संदेशाचे फक्त आकडे मी पाहिले आणि वाचून दाखवले. पहिल्या आकड्याने नवा लाभार्थी जोडला गेला, दुसऱ्याने 48,500 रुपये गेले.

आमच्याकडे हरिपूरला हळद साठवण्याचे जमिनीखालचे पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात. हे लहानपणापासून ठाऊक असलेल्या माणसाने अनोळखी आवाजाच्या सांगण्यावरून एवढ्या खोल उतरावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

बँकेचा तिसरा संदेश सौ.ने वाचला. तिनेच भिंतीतला प्लग उपटला. मिरजेहून भाचा येईपर्यंत मी बँकेला कळवून नेट बँकिंग बंद करवले आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला. तिथे खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात. ते कागदावर लिहूनच फोन करावा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात आणि जेवढ्या लवकर कळवाल तेवढी अडवली जाणारी रक्कम मोठी. माझे 31,000 रुपये एका खात्यात गोठवले गेले आहेत. उरलेल्या रकमेबाबत बँकेने रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले: ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

संगणकाची तपासणी भाच्याने केली आणि ती शांतपणे सांगण्याजोगी आहे. त्याने प्रथम इंटरनेटची वायर काढली आणि सर्व पासवर्ड स्वतःच्या लॅपटॉपवरून बदलायला लावले, कारण बाधित संगणकावर नवा पासवर्ड टंकणे म्हणजे तोही देऊन टाकणे. प्रोग्रॅमची यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावताच कन्व्हर्टर, शोध-साहाय्यक आणि त्या संध्याकाळची दोन नावे वर आली. दोन, कारण मी एकच उतरवले होते. दुसरे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर त्या माणसाने काळ्या पडद्याआड बसवले होते आणि पहिल्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवला होता. माझ्या परवानगीशिवाय तो केव्हाही परत येऊ शकला असता. माझ्या संगणकात आधी जाहिराती दाखवणारा एक उपद्रव होता, जो ब्राउझरमधला शोध-साहाय्यक काढून, सूचनांची परवानगी रद्द करून आणि विंडोजमधल्याच डिफेंडर या व्हायरसरोधकाचा ऑफलाइन स्कॅन चालवून फुकटात गेला असता. खरा हेर मी पाच हजार रुपये देऊन आणला.

ज्या यंत्रावर परका माणूस तासभर बसला, त्यावर निव्वळ स्कॅनचा भरवसा धरू नये, असे भाच्याचे मत पडले. म्हणून केवळ टॅलीचा डेटा आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर घेऊन, एकही प्रोग्रॅम न घेता, विंडोज नव्याने टाकले. विवरणपत्र त्याच्या लॅपटॉपवरून रात्री साडेअकराला भरले.

सर्वांत अवघड काम सकाळी होते. दोन्ही पेढ्यांचे जीएसटीचे पासवर्ड माझ्या ब्राउझरमध्ये साठवलेले होते, तेव्हा दोन्ही शेठना जाऊन सांगणे भाग होते. एकांनी चहा मागवला आणि काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांनी त्याच दिवशी वह्या परत मागितल्या.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी ‘सायबर विभाग’ बोलत होता. माझी संपूर्ण रक्कम मंजूर झाली असून 2,500 रुपये प्रक्रिया शुल्क भरावे, असे सांगितले. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, असे भाचा म्हणाला होता. मी माझा तक्रार क्रमांक विचारला, तेव्हा फोन कट झाला. ज्या क्रमांकावरून फोन आला, तो मी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षु’ या संशयास्पद फोन कळवण्याच्या सुविधेत नोंदवला. त्या वेळी सौ. शेजारीच उभी होती. मी न सांगता तिने आधी चष्मा माझ्या हातात दिला होता.