कण की प्रथिने? द्रवांच्या आंतरपृष्ठावरील दाट थरांची निवड

तेल आणि पाणी, किंवा हवा आणि पाणी, जिथे भेटतात त्या आंतरपृष्ठासाठी (म्हणजे थेंबांच्या वा बुडबुड्यांच्या पृष्ठभागासाठी) कणांचा किंवा प्रथिनांचा थर निवडताना सहसा त्याचा ताठपणाच पाहिला जातो. माझ्या मते हा निकष अपुरा आहे. ढवळताना आणि पंपातून जाताना थेंब ताणले जातात, म्हणून थर किती ताणाला वाहू लागतो आणि नंतर कितपत सावरतो, हे आधी तपासावे.

घन कणांचे बळ त्यांच्या चिवटपणात आहे. आंतरपृष्ठावरून कण सुटण्यास लागणारी ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्पर्शकोन (तेल-पाण्याची सीमा कणाच्या पृष्ठभागाशी करते तो कोन) ९० अंशांजवळ असेल, तर तेल-पाण्यातील १० नॅनोमीटर त्रिज्येच्या कणासाठीही ती औष्णिक ऊर्जेच्या (उष्णतेमुळे होणाऱ्या कणांच्या हालचालीच्या ऊर्जेच्या) हजारो पट भरते. एकमेकांना न चिकटणारे गोल कण विस्कळीतपणे साधारण ८४ टक्के क्षेत्र व्यापतात, तेव्हा त्यांची दाटी अडकून थर घन पदार्थासारखा वागतो; विशिष्ट ताण ओलांडला की कण शेजारी बदलत वाहतात, आणि आच्छादन (कणांनी व्यापलेले क्षेत्र) तेवढेच राहिले तर ताण सरताच पुन्हा अडकतात. परस्परांना आकर्षणारे कण मात्र बऱ्याच कमी आच्छादनातही जाळे विणतात, आणि ते तुटताना थराला भेगा पडू शकतात. कणांची खरी अडचण वेगळीच आहे: ते आपणहून आंतरपृष्ठावर सहज पोहोचत नाहीत, त्यासाठी अनेकदा जोरदार ढवळावे लागते.

प्रथिने आपणहून येऊन बसतात. परंतु सर्वच प्रथिनांना एका मापाने मोजणे चूक ठरेल. दुधातील लवचीक बीटा-केसीनचा थर कर्तनाला (थराचे भाग एकमेकांच्या बाजूने सरकवणाऱ्या बळाला) फारसा विरोध करत नाही, तर दुधातीलच गोलाकार बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आंतरपृष्ठावर अंशतः उलगडून शेजाऱ्यांशी बंध जोडते आणि त्याचा थर तासन्‌तास घट्ट होत जातो. असे बंध एकदा मोडले की ताकद हळूहळू, आणि बहुधा अपुरीच, परत येते. शिवाय साबणासारखे छोटे सर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारे) रेणू प्रथिनांना हटवू शकतात. मिश्रणात ते भरपूर असतील, तर केवळ प्रथिनांवर विसंबू नये.

म्हणून थेंब तयार होतानाच झटपट झाकायचे असतील तर प्रथिने, आणि दीर्घ साठवणीत थेंब एकत्र येऊ द्यायचे नसतील तर कण, असे मी सुचवेन. चाचणी करताना कर्तन टप्प्याटप्प्याने वाढवावे, मग थांबून थर किती सावरला ते मोजावे, आणि प्रथिनांच्या थराचे वयही नोंदवावे. ताज्या व जुन्या थरांची आकडेवारी एकत्र केल्यास निष्कर्ष फसवा निघेल.