चिकटजोडावरील आघात: घन एलिमेंट की कोहेसिव्ह?

बोट जेटीवर आदळली, तर तिचे फायबरचे कवच आतल्या बरगड्यांना धरून ठेवणारा एपॉक्सीचा थर कितपत तग धरेल, हे संगणकावर तपासायचे झाल्यास, गोव्यात मांडवीकाठच्या कारखान्यातील अभियंत्यापुढे किंवा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: थराची घन एलिमेंटांत, म्हणजे छोट्या त्रिमितीय ठोकळ्यांत, जाळी करणे, किंवा सबंध थराच्या जागी कोहेसिव्ह एलिमेंटांची, म्हणजे थर किती उघडला की किती ताण घेईल आणि कधी सुटेल एवढेच सांगणाऱ्या एलिमेंटांची, एकच रांग ठेवणे. टायब्रेक काँटॅक्ट (दोन भाग थेट बांधून ठरावीक ताणाला सोडून देणे) हा तिसरा मार्ग प्राथमिक अंदाजापुरताच वापरावा.

घन जाळीत थराच्या कडेला साचणारा सोलण्याचा ताण तपशिलाने दिसतो, ही तिची जमेची बाजू. मात्र धडकेचे गणित छोट्या छोट्या कालपायऱ्यांनी पुढे नेणाऱ्या एक्स्प्लिसिट पद्धतीत कालपायरी सर्वांत लहान एलिमेंटावर ठरते. 0.3 मिमी थरात चार एलिमेंट बसवल्यास ती सुमारे 0.05 मायक्रोसेकंदावर येते. 5 मिमी लांबीच्या अ‍ॅल्युमिनियम शेल (पातळ पत्र्याच्या) एलिमेंटासाठी ती 1 मायक्रोसेकंदाच्या आसपास असते, म्हणजे तीच धडक सोडवायला वीसपट पायऱ्या लागतात. शिवाय थर इजा होऊन नरम पडू लागला की भंगऊर्जा (भेग पुढे सरकायला लागणारी ऊर्जा) एलिमेंटाच्या आकारावर अवलंबून राहते आणि केवळ जाळी बारीक केल्याने जोड कमकुवत दिसू लागतो.

कोहेसिव्ह प्रारूपात भंगऊर्जा थेट द्यायची असल्याने हा दोष बराच आटोक्यात राहतो; भेगेच्या टोकाशी तीन ते पाच एलिमेंट असले म्हणजे पुरे. सबंध बोटीसाठी मी हाच मार्ग सुचवीन आणि घन जाळी लहान नमुन्यांच्या अभ्यासापुरती राखून ठेवीन.

कोणताही मार्ग घेतला, तरी खरी मेख विकृतीदरात, म्हणजे थर किती वेगाने ताणला जातो त्यात, आहे. 0.3 मिमीचा थर सेकंदाला 1 मीटर वेगाने उघडला, तर विकृतीदर सेकंदाला 3,000 च्या वर जातो. मिनिटाला 1 मिमी ओढणाऱ्या यंत्रावरचे आकडे तिथे चालत नाहीत. दर वाढला की एपॉक्सीची मजबुती सहसा वाढते, पण भंगऊर्जाही वाढेलच असे नाही. ती वेगळी मोजावी. त्यातच एपॉक्सी पाणी शोषून मऊ पडते, त्यामुळे पाण्यात राहणाऱ्या बोटीसाठी कोरड्याबरोबर भिजवलेल्या नमुन्यांचीही चाचणी घ्यावी.

पडताळणीसाठी आयएसओ 11343 ही पाचरीच्या आघाताची चाचणी सोयीची आहे. चाचणीचा आणि संगणकाचा आलेख जुळला, तरी तुटलेला नमुना डोळ्यांनी पाहावा. थर स्वतः न फाटता फायबरपासून स्वच्छ सुटला असेल, तर थराचेच गुणधर्म देऊन केलेले प्रारूप, घन असो वा कोहेसिव्ह, त्या जोडाला लागू पडत नाही.