पाठ भिंतीला लावलेलं कपाट

जुनं कपाट घ्यायला गेलं की माणूस दारं उघडझाप करून बघतो, कुलूप लागतं का ते बघतो, आरशाला तडा आहे का ते बघतो. आम्हीही तेवढंच बघितलं. पाठ बघितली नाही. ती कुणाला बघता येऊ नये याची तजवीज विकणाऱ्याने आधीच करून ठेवली होती, हे नंतर कळलं.

जाहिरात अशी होती: अस्सल सागवानी, तीन दारांचं, 7 फूट उंच, जागा सोडायची असल्याने तातडीने देणे आहे. फोटो सुरेख. बोलावलं दिवेलागणीला. खोलीत एकच पिवळा दिवा, आणि कपाट कोपऱ्यात असं घुसवलेलं की पाठ एका भिंतीला, एक कुशी दुसऱ्या भिंतीला. खालचे कप्पे कपड्यांनी गच्च. "तुम्ही टेम्पो सांगा, मी रिकामं करून ठेवतो." पॉलिशचा वास नाकात जात होता. मी विचारलंसुद्धा, हे ताजं वाटतंय. तर म्हणे, "वहिनी, तुम्ही येणार म्हणून एक हात मारून घेतला. डोळे झाकून न्या." मला ते आपुलकीचं वाटलं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सासऱ्यांनी एक कोपरा उचलून बघितला, जेमतेम बोटभर हलला. "वजन बघ केवढं. सागच आहे." वजनावरून साग ओळखतात असा आमच्या घरात सगळ्यांचाच समज. प्रत्यक्षात भुसा आणि गोंद दाबून केलेला पार्टिकल बोर्डही घनमीटरला साडेसहाशे-सातशे किलो भरतो, आणि सागही जवळपास तितकाच. वजनाने हा फरक कळतच नाही.

तेवढ्यात त्याला दोनदा फोन आला. "हो हो, उद्या सकाळी या, पण पैसे रोख लागतील." समोर खरंच कोणी होतं की नाही देव जाणे. आम्ही घाबरून पूर्ण रक्कम तिथेच मोजली. पावती मागितली ती दिली, त्यात कसलीच कुरकुर नाही. "लाकडी कपाट, 1 नग." एवढंच. सागवानी हा शब्द त्याने दहा वेळा उच्चारला होता, लिहिला एकदाही नाही. ही पावती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि तिच्यात एक अक्षरही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तो त्याच्याच ओळखीचा. दोन हमाल. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी कपाट टेकवलं आणि घाम पुसत सांगितलं की ठरलेले पैसे तळमजल्यापर्यंतचे, जिन्याचे वेगळे. कपाट असं आडवं की वरून कोणाला उतरता येईना, खालून चढता येईना. वरच्या आजी पिशवी घेऊन उभ्या, खाली शाळेतून आलेली दोन पोरं. अशा वेळी घासाघीस होत नाही, मागतील ते द्यावं लागतं. मजला, जिना, वळणं सगळं धरून भाडं आधी ठरवायचं, आणि टेम्पो आपला आणायचा, विकणाऱ्याचा नाही.

खरी गंमत घरात झाली. कपाट पोटमाळ्याखाली ठेवायचं होतं. पोटमाळ्याची खालची बाजू जमिनीपासून 7 फूट 2 इंच, कपाट 7 फूट. ह्यांनी टेपने मोजून दोनदा सांगितलं, "दोन इंच सुटतात, बिनधास्त आणा." पण कपाट आणलं आडवं, आणि उभं करायला घेतलं नेमकं पोटमाळ्याखालीच. आडवं कपाट उभं होताना त्याचा वरचा कोपरा सरळ वर जात नाही, तिरका फिरतो. 7 फूट उंची आणि 2 फूट खोली असली तर ती तिरकी रेघ 7 फूट 3 इंचांच्याही वर भरते. म्हणजे इंच-दीड इंचाने अडकणारच. बाहेर, खोलीच्या मध्यावर उभं करून मग आत सरकवायला हवं होतं. हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही, कारण सगळेच ओरडत होते.

"अहो, थांबा, घासतंय."

"अगं, जरासं राहिलंय, लावा रे जोर."

जोर लागला आणि कड्कन आवाज आला. मला वाटलं पोटमाळ्याची फळी गेली. गेला होता कपाटाचा कोपरा. तळहाताएवढा तुकडा खाली पडला, आणि त्याच्यातून साबुदाण्यासारखा भुसा भुरभुर सांडला. वरून सागाच्या रेषांचा अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, आतून नुसता पार्टिकल बोर्ड. सागाची फळी फुटली तर लांब धांदोट्या निघतात, बिस्किटासारखी तुटत नाही. हमाल एकमेकांकडे बघून गप्प झाले. आम्ही त्यांनाच बोललो, नीट धरलं नाही म्हणून, आणि ते मला अजून टोचतं. त्यांनी तो कोपरा फोडला नसता तर आम्ही आणखी महिनाभर सागाच्या कपाटात कपडे ठेवले असते.

चिडचिडीत रात्र गेली. सकाळी केर काढताना मधल्या दाराच्या खाली पिवळट पिठाची बारीकशी रास. मैद्याइतकी मऊ, चिमटीत धरली तर बोटाला चिकटणारी. मला वाटलं कालचाच भुसा. पुसून घेतलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच रास.

मग सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी आधी कपाट भिंतीपासून ओढायला लावलं. पाठीला पातळ हार्डबोर्ड, खालचा काठ कधीतरी पाणी लागून फुगलेला, त्यावर तपकिरी रंग. मग त्यांनी फळीचं तोंड, म्हणजे जिथे ती कापलेली असते ती बाजू, बघितली. खऱ्या लाकडात वरची रेघ काठावरून वळून तोंडापर्यंत जाते, पापुद्र्यात ती काठालाच संपते. ही ओळखायला एक मिनिट लागतं, आणि दाराच्या वरच्या काठावर बोट फिरवलं तरी पुरतं, कारण तिथे पॉलिश करायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

दारांच्या चौकटी मात्र खरंच सागाच्या निघाल्या. पण कडेच्या पांढऱ्या लाकडाच्या. सागाचा आतला सोनेरी-तपकिरी गाभा किड्याला दाद देत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाची ती ताकद नाही. काकांनी टोच्याने खरवडलं तशी रंगीत मेणाने बुजवलेली टाचणीच्या डोक्याएवढी भोकं एकामागून एक उघडी पडली. "हे पीठ वाळवीचं नाही, ताई. वाळवी मातीची नळी बांधते. हा भुंगा आहे. आणि भोक दिसतं ते किडा आत शिरल्याचं नसतं, आतलं खाऊन बाहेर पडल्याचं असतं." म्हणजे पाहुणे घरात आले होते आणि आमची जुनी लाकडी पेटी शेजारीच होती. पेटी त्याच दुपारी गच्चीत नेली.

विकणाऱ्याला फोन केला तर पहिल्यांदा उचलला. "माल बघून, हात लावून नेलात ना? मग आता काय?" दुसऱ्या वेळी बंद. कपाट चार दिवसांत तुकडे करून बाहेर काढलं, त्या कामाचे पैसे निराळे. बिजागऱ्या आणि आरसा तेवढा काकांनी काढून ठेवला.

परवा ह्यांनी सहज म्हणून जाहिराती चाळल्या. तोच फोटो, तोच मजकूर, तातडीने देणे आहे. फोटो मोठा करून बघितला तर दारांच्या मुठी वेगळ्या. आमच्या घरी आलं ते कपाट फोटोतलं नव्हतंच.