हायडलबर्गजवळचे अवशेष: हायलिगेनबर्ग चढावा की नेकारश्टाइनाखला जावं?

जर्मनीत हायडलबर्गजवळ नेकार नदीच्या खोऱ्यात अर्ध्या दिवसाची पायपीट करून अवशेष बघायचे, तर हे दोन पर्याय. किल्लाच बघायचा असेल तर सरळ नेकारश्टाइनाख. हायलिगेनबर्गवर किल्ला नाही, मठांचे अवशेष आहेत; नुसतं 'डोंगरावरचे अवशेष' ऐकून गेलेले इथे हिरमुसतात.

हायलिगेनबर्गला रेल्वे लागत नाही. हायडलबर्गचा जुना पूल ओलांडला की समोरच श्लांगेनवेग ही दगडी, वळणावळणाची पाऊलवाट सुरू होते. ती फिलॉसॉफेनवेग या डोंगरउतारावरच्या रस्त्याला मिळते, पुढे जंगल. नदीपासून माथ्यापर्यंत (सुमारे ४४० मीटर उंची) तीनशेहून जास्त मीटर चढ आहे. सिंहगड पायी चढणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. खरा त्रास श्लांगेनवेगच्या फरसबंदीचा. पावसात ती निसरडी होते आणि उतरताना घात करते, म्हणून उतरायला हांडशुसहाइम या उपनगराची बाजू धरावी. तिथे ट्राम मिळते. वर आधी स्टेफान मठाचे अवशेष आणि त्याच्याच दगडांतून १८८५ मध्ये बांधलेला मनोरा लागतो, मग १९३५ चं नाझीकालीन खुलं प्रेक्षागृह, आणि सर्वात वर १०२३ चा मिखाएल मठ. १५०३ मध्ये त्याचा घंटामनोरा कोसळून शेवटचे तीन साधू दगावले. केल्टिक तटबंदीच्या खुणाही आहेत, पण त्या मुद्दाम शोधाव्या लागतात. वरच्या उपाहारगृहाच्या भरवशावर राहू नका, पाणी सोबत घ्या.

नेकारश्टाइनाख एस-बानने (लोकल रेल्वेने) वीसेक मिनिटांवर. एस१ किंवा एस२ पकडा. एस५ आणि एस५१ नेकारगेम्युंडनंतर नदी सोडून वेगळ्या खोऱ्यात वळतात. घाईत चढणारे हमखास तिथेच फसतात. गावाच्या पश्चिमेला एकाच डोंगरधारेवर चार किल्ले. पहिले दोन, फोर्डरबुर्ग आणि मिटेलबुर्ग, खासगी; बाहेरूनच बघायचे. हिंटरबुर्ग आणि शाडेक हे खरे अवशेष, दोन्हीकडे प्रवेश मोफत. हिंटरबुर्ग चारांत सर्वात जुना, त्याच्या बुरुजावर चढता येतं. शाडेक कड्याला असा चिकटलाय की लोक त्याला 'पाकोळीचं घरटं'च म्हणतात. नदीचं वळण आणि पलीकडच्या टेकडीवरचं डिल्सबर्ग इथून एका नजरेत येतं. चढ हायलिगेनबर्गच्या मानाने बराच कमी, त्यामुळे सुट्टीला आलेल्या आई-बाबांना न्यायचं तर हाच पर्याय. मात्र बुरुजाच्या पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांनी टाळाव्यात.

दम उरला असेल तर नदीवरच्या जलपाशावरून (बोटी वर-खाली नेणाऱ्या बंधाऱ्यावरून) पलीकडे जाऊन डिल्सबर्ग चढता येतं. तिथल्या किल्ल्याला तिकीट आहे आणि हिवाळ्यात तो बंद असतो. ही जोड दिली की नेकारश्टाइनाखची सहल हायलिगेनबर्गइतकीच दमवते. नोव्हेंबरनंतर मात्र दोन्हीकडे दुपारी एकच्या आत चढायला लागा; साडेचारनंतर जंगलात लवकर अंधारतं आणि ओल्या पानांखालची मुळं दिसत नाहीत.