तंबोरा कुठे तुटतो: ॲप, भरलेलं कार्ड, रेकॉर्ड की सीडी?

सांगली, मिरज किंवा साताऱ्यात राहून गाणं ऐकणाऱ्यासमोर आज चार रस्ते आहेत: महिन्याचे पैसे भरून ॲप, मोबाइलच्या दुकानातून गाणी भरून घेतलेलं कार्ड, जुन्या रेकॉर्ड, आणि सीडी मिळवून तिच्या फाइली करून ठेवणं. ऐकणं मुख्यतः चार-पाच मिनिटांच्या चित्रपटगीतांचं आणि भावगीतांचं असेल तर फार विचार नको, ॲप घ्या. प्रश्न पडतो तो तासभराचा राग सलग ऐकणाऱ्याला. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

भरलेल्या कार्डाचं थोडक्यात. फाइली बहुतेक 128 केबीपीएसच्या किंवा त्याहून खालच्या असतात (हा आकडा जितका कमी तितका आवाजाचा दर्जा कमी). गाण्याच्या नावाआधी कुठल्यातरी वेबसाइटचं नाव चिकटलेलं असतं. रागाचा सुरुवातीचा संथ भाग, म्हणजे विलंबित, असतो आणि त्यामागून येणारा जलद भाग, म्हणजे द्रुत, नसतो, असंही सर्रास होतं. गाणाऱ्याला यातला एक रुपया पोचत नाही, हे वेगळंच. शिवाय कार्डच नकली निघू शकतं: वर 64 जीबी छापलेलं, आत 8, आणि त्यापुढे भरलेलं सगळं कचरा. कोणतंही कार्ड आणल्यावर आधी ‘एच2टेस्टडब्ल्यू’ या फुकट प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासावं. तासभर जातो, पण संग्रह वाचतो.

ॲपचा मोठेपणा मात्र मान्यच करायला हवा. एखादा राग पाच गायकांकडून पाठोपाठ ऐकायचा असेल तर दुसरं काही त्याच्या जवळपास येत नाही. खाजगी मैफिलींची कितीतरी ध्वनिमुद्रणं फक्त यूट्यूबवरच सापडतात. दर्जा 320 केबीपीएसवर ठेवला तर तासाला साधारण 145 एमबी डेटा जातो, आणि घरी वायफाय असेल तर तोही प्रश्न उरत नाही. पण ॲपमधलं ‘डाउनलोड’ म्हणजे आपल्या हातात आलेली फाइल नव्हे. स्पॉटिफायमध्ये ते टिकवायला 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. कासच्या पुढे बामणोलीच्या बाजूला रेंज जाते, त्यामुळे तिकडे निघण्याआधी घरीच एकदा ॲप उघडून घेणं बरं. आणि ॲप उद्या असेलच असंही नाही. रेसो जानेवारी 2024 मध्ये भारतात बंद झालं, त्याच वर्षी विंकनंही गाशा गुंडाळला. लोकांनी मेहनतीनं लावलेल्या याद्या तिथेच राहिल्या.

एवढं असूनही ॲपकडे कल झुकला असता. झुकत नाही तो एका जागेमुळे, आणि ती जागा म्हणजे विलंबित आणि द्रुत यांचा सांधा.

कंपन्या बडा ख्याल, म्हणजे विलंबितातली मोठी बंदिश, आणि त्यामागून येणारी द्रुत बंदिश यांचे दोन ट्रॅक करतात. गायक तिथे थांबलेला नसतो. तबलजी लय बदलतो, सारंगी किंवा पेटी पुढची ओळ धरते आणि खाली तंबोरे अखंड चालू असतात. दुसरा ट्रॅक सुरू होताना क्षणभर सगळं गप्प होतं आणि तंबोरा पुन्हा नव्यानं उगवतो. गाणाऱ्याचा आवाज तुटला तर एक वेळ चालतं, तो श्वास घेतोच. तंबोरा तुटला की पायाखालची फरशी सरकल्यासारखं होतं. जव्हारी नीट लावलेला, म्हणजे तारांना भरदार झंकार येईल असा जुळवलेला तंबोरा कसा भरून राहतो हे मिरजेच्या माणसाला सांगायला नको. बिनपैशाच्या खात्यावर तर याच सांध्यात जाहिरात येते, आणि शफल चालू राहिलं असेल तर द्रुत भलत्याच रागाची लागते. पैसे भरलेल्या खात्यात गॅपलेसची, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडण्याची, सोय असते आणि फोनला हेडफोन लावून ऐकलं तर ती बहुधा काम करते. तेच गाणं गाडीच्या डेकवर किंवा टीव्हीवर पाठवलं की कधी जमतं, कधी नाही. सगळ्यांच्याच कानाला हे खटकेल असं नाही. पण एकदा खटकलं की दर वेळी तिथे कान टवकारतात.

हे का होतं ते समजलं की उपायही सापडतो. एमपी3 फाइल 1152 नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजमापांच्या, चौकटींची बनलेली असते. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर एक चौकट सुमारे 26 मिलिसेकंदांची. गाणं चौकटीच्या बरोबर कडेला संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेनं भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी भर पडते. ही भर किती हे ‘लेम’ या एमपी3 बनवणाऱ्या प्रोग्रॅमनं फाइलीच्या डोक्यात लिहून ठेवलेलं असतं. चांगला प्लेयर ते वाचून भर कापतो. पेनड्राइव्ह लावायचा स्वस्तातला स्पीकर आणि गाडीतला जुना डेक ते वाचतच नाहीत, वर पुढची फाइल उघडायला अर्धा सेकंद घेतात. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइलीत, ही भर नसते, पण फाइल उघडायचा वेळ तिथेही जातोच. म्हणून खात्रीचा इलाज एकच: सांधाच ठेवायचा नाही, पूर्ण राग एका फाइलीत घ्यायचा. ॲपमध्ये हे आपल्या हातात नसतं, सीडीवरून घेताना असतं.

रेकॉर्डचं पारडं इथे अनेकांना वाटतं त्यापेक्षा जड आहे. एलपीच्या एका बाजूला 20 ते 25 मिनिटं मावतात. त्या मापात बसवलेला राग असेल तर विलंबित-द्रुत एकाच बाजूवर असतात आणि तंबोरा तुटत नाही. अडचण दोन्ही बाजूंना पसरलेल्या मोठ्या रागाची. मध्येच उठून तबकडी उलटावी लागते. विकत घ्यायच्या तर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी हिंडावं. तबकडी उजेडात तिरकी धरून पाहा. नख अडकेल असा चरा प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ करणारच. काळीभोर चकाकी जाऊन खाचा करड्या दिसत असतील तर बोथट सुईनं त्या खाल्लेल्या असतात, धुऊनही सुधारत नाहीत. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असते. तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. तिला सुईही वेगळी लागते: 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीला चालते ती 0.7 मिलची नव्हे. शिवाय रेकॉर्ड प्लेयरचा बेल्ट सैल झाला की सूर डळमळतो. महाबळेश्वर-साताऱ्याकडच्या पावसात कव्हरांना बुरशी धरते ती निराळी.

78 वरचं गाणं ऐकायला तबकडीच हवी असंही नाही. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यामुळे सांध्याचा प्रश्नच येत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. मिरजेलाच विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं निधन 1937 चं, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्डवरचा तो हक्क केव्हाच संपला. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या 78 चा मोठा साठा आहे आणि तिथे फ्लॅकही उतरवता येतं. फक्त उतरवण्याआधी षड्ज (सा) तपासून घ्या. तबकडी चुकीच्या गतीनं फिरवून चढवलेली असेल तर गाणं अर्धा-पाऊण स्वर वर चढलेलं मिळतं.

आता सीडी. तिचा दोष आधी सांगतो: नवी सीडी दुकानात क्वचितच दिसते. जुन्या बाजारातून, नातेवाइकांच्या कपाटातून गोळा करावी लागते. घेताना ती ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ची आहे ना ते बघा. पन्नास गाण्यांची एमपी3 डिस्क कॉपी करून काही कमावत नाही. चकचकीत बाजूचा बारीक चरा बहुधा चालून जातो. छापील बाजूचा खोल ओरखडा मात्र घातक, कारण गाण्याचा थर तिकडेच, रोगणाच्या पातळ लेपाखाली असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसत असतील तर ती सोडून द्या. पुसायची ती मधून कडेकडे, गोल गोल नाही.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर जोडायचा. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ सिक्युअर मोडमध्ये लावा. खराब जागा ते पुन्हा पुन्हा वाचतं, आणि ॲक्युरेटरिपवर, म्हणजे लोकांनी केलेल्या प्रतींच्या ऑनलाइन नोंदवहीत, त्या सीडीची नोंद असेल तर आपली प्रत इतरांच्या प्रतीशी जुळते का तेही सांगतं. फ्लॅक करून घ्या. सत्तर मिनिटांची सीडी 300 ते 400 एमबीत बसते, म्हणजे 64 जीबीच्या कार्डावर दीडशेच्या आसपास सीड्या. मग ‘फूबार2000’मध्ये एका रागाचे ट्रॅक क्रमानं निवडून कन्व्हर्टमध्ये सगळ्यांची मिळून एक फाइल करायचा पर्याय घ्या. गाडीसाठी एमपी3 हवी असेल तर आधी जोडा, मग 320 ची करा. हा क्रम उलटा केला तर तंबोरा पुन्हा तुटेल.

गाडीच्या पेनड्राइव्हला 32 जीबी पुरे. जुने डेक फॅट32 या जुन्या फॉरमॅटशिवाय वाचत नाहीत आणि त्याहून मोठ्या ड्राइव्हला तो फॉरमॅट द्यायला विंडोज सहसा कुरकुरतं. बरेच डेक नावाच्या क्रमानं न वाजवता कॉपी केल्याच्या क्रमानं वाजवतात, तेव्हा फाइली एकेक करून ओळीनं टाका. देवनागरी नावांचे चौकोन दिसत असतील तर नावं रोमनमध्ये ठेवावी लागतील.

सांगलीत आणखी एक गोष्ट धरावी लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी त्याच्याही बरंच वर चढलं, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. गावभाग, मारुती चौक अशा भागात तळमजल्यावरच्या संग्रहाचा भरवसा नाही. चिखलात बुडालेली एलपी साध्या पाण्यानं धुता येते, कव्हर आणि लेबल जातं. सीडीही धुऊन वाचते. कॅसेटमध्ये गाळ शिरला की ती सहसा गेलीच. फाइलींचं सुख हे, की त्यांची दुसरी हार्डडिस्क उंचावरच्या दुसऱ्या घरात ठेवता येते. वर्षातून एकदा, मे अखेरीस, नवं भरलेलं तिच्यावर उतरवून ठेवलं की झालं.

सगळा संग्रह एकदम करायला घेऊ नका. विलंबित आणि द्रुतचे वेगळे ट्रॅक असलेली एकच सीडी निवडा, जोडून एक फाइल करा आणि आपल्याच गाडीत, आपल्याच स्पीकरवर सांध्याच्या आधी मिनिटभरापासून ऐका. तंबोरा सलग राहिला तर पुढची सीडी लावा.